घरटं होईपर्यंत

काकू कुणालाही मधेच सोडून जात नसत. हा त्यांचा गुण होता आणि कधी कधी समोरच्याला त्याचा जाचही व्हायचा.

मी जर्मनीत येनाच्या स्टेशनवर पहिल्यांदा उतरले तेव्हा त्या फलाटावर उभ्या होत्या. न्यायला कुणीतरी येईल, एवढंच इथल्या मराठी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कळलं होतं. बारीक कापलेले पांढरे केस, पाठीला सॅक, पायात चिखल वाळलेले बूट. मला वाटलं, खोलीची किल्ली हातात देतील आणि जातील. त्या गेल्या नाहीत. वोनहाइमच्या, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहाच्या, हाउसमाइस्टरकडून किल्ली घेताना माझ्याबरोबर, आनमेल्डुंगच्या, म्हणजे पत्ता नोंदवायच्या ऑफिसात माझ्याबरोबर, तांदूळ शोधायलाही माझ्याबरोबर. दुपारी मी म्हटलं, काकू, पुढचं मी करते, तुम्ही दमला असाल. त्या नुसत्या ‘हं’ म्हणाल्या आणि माझ्यामागून चालत राहिल्या. संध्याकाळी खोलीवर पोचलो तर पलंगावर गादी होती, पण चादर नव्हती, पांघरूण नव्हतं. पुन्हा बाहेर पडलो. शेवटी मी चादर घातली, उशीला अभ्रा चढवला, तेव्हा दारात उभ्या राहून त्यांनी ते नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "झालं घरटं. आता मी जाते."

हे वाक्य कुठून आलं ते मला पुढे त्यांच्या हाताखाली काम करायला लागल्यावर कळलं. काकू आमच्या संशोधन संस्थेत होत्या. नवऱ्याच्या भिंगांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे त्या येनाला आल्या, प्राणिशास्त्रातली एमएस्सी पेटीत घालून. नवरा गेला, मुलगी मोठी होऊन न्युरेम्बर्गला गेली आणि काकू दरवर्षी काही महिने आफ्रिकेतल्या पावसाळी जंगलात चिंपांझींच्या मागे फिरत राहिल्या. चिंपांझी रोज संध्याकाळी झाडावर फांद्या वाकवून झोपायला नवीन घरटं करतात. आमच्या कामात पूर्ण दिवस म्हणजे घरट्यापासून घरट्यापर्यंत. पहाटे तो प्राणी ज्या घरट्यातून उतरतो त्याच्या खाली आपण आधीच हजर असायचं आणि संध्याकाळी तो नव्या घरट्यात आडवा होईपर्यंत त्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. मधेच चुकला, तर तो दिवस पूर्ण दिवसांत धरत नाहीत. येनात नव्या आलेल्या प्रत्येक पोराचा काकूंनी असाच पूर्ण दिवस केलेला होता. पोरं त्यांना मागे माकडकाकू म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. "चिंपांझीला माकड म्हणतात आणि पीएचडी करतात," एवढाच त्यांचा त्यावर शेरा.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. मला त्याचा अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर. जर्मनीत जाऊन मी काय करणार ते त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "एवढं शिकून माकडंच बघायची होती, तर हितं काय कमी आहेत व्हय?" काकूंना हे फार आवडलं. त्या दिवसापासून त्या मला माझ्या नावाने हाक मारेनाशा झाल्या, इचलकरंजीच म्हणायच्या. पण वडील काय करतात हेही त्यांनी खोदून विचारून घेतलं. पाळीभर मागापाशी उभं राहायचं, धागा तुटतो का ते बघायचं, तुटला की जोडायचा, नाही तुटला तरी बघतच राहायचं. "मग तुला शिकवायला काही नको," त्या म्हणाल्या. "फक्त आपल्याकडे तुटलेलं जोडायची परवानगी नाही."

ही हात न लावण्याची सवय त्यांच्या अंगात मुरली होती. गणपतीच्या मीटिंगला त्या खुर्ची मागे ओढून भिंतीला टेकून बसायच्या. वर्गणीवरून, मोदकांवरून, हॉल कुणी पुसायचा त्यावरून भांडणं व्हायची, काकू चकार शब्द बोलायच्या नाहीत. परतीच्या ट्राममध्ये मात्र मला सांगायच्या की मघाचा तो कुलकर्णी रागावलेला नाही, त्याला फक्त कुणी विचारलं नाही, आणि चहाच्या वेळी कोण कुणाच्या शेजारी जाऊन बसतं ते पुढच्या वेळी बघ. मी बघितलं. त्यांचं बरोबर निघालं. मला थोडा रागही आला. एवढं दिसतं तर बोलत का नाही ही बाई, असं वाटलं.

त्या निवृत्त व्हायच्या आधीचा शेवटचा हंगाम मी त्यांच्याबरोबर जंगलात काढला. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आधीच व्हायला हवं होतं, डॉक्टर चिडले होते, पण काकूंनी ते पुढे ढकललं होतं. कारण एकच. त्यांना मावशीबरोबर एक पूर्ण दिवस हवा होता. मावशी म्हणजे तिथली सगळ्यांत म्हातारी मादी. कागदोपत्री तिला दुसरं नाव होतं. काकू पहिल्यांदा त्या जंगलात गेल्या तेव्हा मावशीच्या पोटाला तिचं पहिलं पिल्लू लोंबकळत होतं. आता तिचे दात झिजले होते, कळप पुढे निघून जायचा आणि ती मागून एकटीच येत राहायची. "पुढच्या वर्षी मी नसेन, बहुतेक तीही नसेल," काकू म्हणाल्या. "एकदा तिला घरट्यात पोचवते, मग माझं काम संपलं."

पहाटे अंधारात निघालो. नेहमी आमच्याबरोबर वाट काढायला एमिल असायचा, तो त्या दिवशी तापाने तळावर पडून होता, म्हणून आम्ही दोघीच. आपली सर्दी चिंपांझींना लागू नये म्हणून तोंडाला मास्क बांधून मावशीच्या झाडापासून लांब बसलो. उजाडताना वर पानं हलली आणि लघवीची धार खाली आली. ती पानांवरून पिपेटने गोळा करणं हे माझ्या डॉक्टरेटचं पहिलं काम. वडिलांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

लोकांना वाटतं, चिंपांझी बघायचे म्हणजे आरडाओरडा, मारामाऱ्या, झाडावरून उड्या. ते असतं, पण फार थोडा वेळ. बाकी दिवस म्हणजे ती खाते, ती खाजवते, ती पडून राहते. घाम चाटायला बारक्या माश्या डोळ्यांत शिरतात, मास्क ओला होतो, उभं राहून पाठीची काठी होते. उंबराच्या जातीच्या एका झाडावर मावशीने सकाळ घालवली. दुपारकडे ती एका मोठ्या मुळाशी बसून दगडाने कवचाची फळं फोडायला लागली. घाव चुकायचा, फळ घरंगळून जायचं, ती ते परत आणायची आणि पुन्हा मारायची. लांबून कळपाची हाक आली. तिने मान वर केली, उत्तर दिलं नाही, पुन्हा दगड उचलला. काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "मलाही हल्ली फोन उचलायचा कंटाळा येतो."

जेवायचं तर मावशीपासून लांब जाऊन, एकेकीने. मी पाव आणि चटणी खाऊन आले, काकूंनी काही खाल्लं नाही. मला त्यांचा पाय दिसत होता. त्या तो मुडपत नव्हत्या, काठीसारखा पुढे टाकत होत्या. मी विचारलं, परत फिरू या का? त्यांनी मावशीकडे बोट केलं. ती उठून चालायला लागली होती.

ती ओढ्याच्या दलदलीकडे निघाली. उतारावर मुळांचं जाळं होतं, त्यावरून काकू घसरल्या आणि गुडघा मुरगळला. बसल्या, उठायचा प्रयत्न केला, पुन्हा बसल्या. पलीकडच्या काठावर मावशी अजून दिसत होती. मी म्हटलं, तुम्ही इथे बसा, वायरलेसवर तळाला कळवते आणि मी तिच्यामागे जाते, दिवस पूर्ण करते. आमचा नियम होता की जंगलात कुणी एकटं राहायचं नाही. तो सगळ्यांच्या मागे लागून काकूच पाळायला लावायच्या. तरी मला वाटलं, आज तरी त्या हो म्हणतील. त्यांना ते किती हवं होतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

"नाही," काकू म्हणाल्या. "तू तिकडे एकटी, मी इकडे एकटी. असं नाही करत आपण."

"मग ती जाईल, काकू."

"जाऊ दे."

मावशीने मागे वळून पाहिलं असं लिहायला मला आवडलं असतं, पण तिने पाहिलं नाही. ती पानांत गेली, थोडा वेळ पानं हलली, मग पानंही थांबली. काकूंनी घड्याळ बघितलं आणि आजचा दिवस अपूर्ण म्हणून नोंदवायला मला सांगितलं. तळावरून दोघे जण आले. परतताना दिवस कलला होता आणि दूर कुठेतरी फांद्या मोडल्याचा आवाज आला. कुणीतरी घरटं करत होतं. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून चालणाऱ्या काकू थांबल्या.

"ती असेल का गं?"

"एवढ्या लांबून नाही कळत," मी म्हटलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या, आणि चालायला लागल्या.

मावशी त्यानंतर कुणाला दिसली नाही. एमिल आणि मी हंगामभर तिला शोधलं. जंगलात म्हातारी जनावरं अशीच दिसेनाशी होतात, त्यात नवल काही नाही, हे काकूंनीच मला शिकवलेलं. पण येनाला परतल्यावर, ऑपरेशननंतर, भाजी चिरताना किंवा ट्रामची वाट बघताना त्या मधेच विचारायच्या, "कुठे केलं असेल तिनं?" उत्तर त्यांना नको असायचं.

गुडघा काही नीट झाला नाही. मग एकदा घरात पडल्या, मग दुसऱ्यांदा पडल्या. न्युरेम्बर्गच्या मुलीने, मेघनाने, तिच्या घराजवळच्या प्फ्लेगेहाइममध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांची देखभाल करतात तिथे, त्यांच्यासाठी खोली घेतली. त्यांना येनाहून न्यायला मीच गेले. पहाटे पोचले तेव्हा त्या अजून झोपेत होत्या. गाडी नेहमीसारखी उशिरा, फलाटावरची लिफ्ट बंद, काकूंचा चेहरा दमून पांढरा पडलेला. न्युरेम्बर्गच्या स्टेशनवर मेघना आणि तिचा मुलगा आले. काकू त्याच्याशी मराठीत बोलत राहिल्या, तो जर्मनमध्ये उत्तरं देत राहिला आणि दोघांचंही छान चाललं होतं.

खोलीत पलंग तयार होता, पांढराशुभ्र, कोपरे घट्ट खोचलेले. मेघना म्हणाली, "तू निघ आता, दमली असशील. परतीची गाडी चुकेल तुझी." मी नुसती ‘हं’ म्हणाले आणि दाराशी उभी राहिले. काकूंनी ते पाहिलं. त्यांनी पांघरूण ओढून काढलं, उशी भिंतीकडची खिडकीकडे केली, सॅकमधून जुनी कापडी गोधडी काढून वर पसरली, तिच्या कडा आत दाबल्या. वेळ लागला. मी हात लावला नाही. मग त्या आडव्या झाल्या, कुशीवर वळल्या, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "इचलकरंजी, झालं. पूर्ण धर हा दिवस."

मी धरला. स्टेशनवरून माझी गाडी केव्हाच गेली होती.