पडले की पडलो

कुणाचं चित्र शब्दांत काढावं एवढी माझी लायकी नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझं लिहिणं आजवर उत्तरपत्रिकेबाहेर गेलेलं नाही. त्यातून ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांचा मी अपराधी आहे. तेव्हा आधीच माफी मागतो. पण आमच्या पासलीच्या आचारीमामांसारखं माणूस वेल्हे आणि भोर, दोन्ही तालुक्यांत दुसरं नाही.

मामा आमटी कधी चाखत नसत. पातेल्याकडे कान करून ऐकत आणि सांगत, "मीठ कमी हाय, कुरकुरतीया." मीठ खरंच कमी निघे. एसटीत ते आपली हातभर लांब पळी फडक्यात गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवत, आणि कंडक्टरनं हटकलं की म्हणत, "माहेरवाशीण हाय, उठवू नका तिला." शिवऱ्याच्या एका लग्नात नवरदेवाच्या काकांनी मधेच झाकण उचललं, तर मामा भर मांडवात ओरडले, "ठेवा ते! तुमचं धोतर उचलून आमी बघतो का?" काका शेवटच्या पंगतीला जेवले. मला मेडिकलला प्रवेश मिळाला तेव्हा मात्र याच माणसानं गावभर शिरा वाटला. "आता आपला घरचा डॉक्टर!"

घरचा डॉक्टर पहिल्याच वर्षी "म्या न्हाई केलं" म्हणाला आणि अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून मी माझी भाषा इतकी घासूनपुसून घेतली, की सुट्टीत आईच्याही चुका काढू लागलो.

गेल्या वर्षी मी तालुक्यातल्या एका दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर होतो. एका सकाळी मामा लंगडत आले. मागे रांग उभी होती.

"पायाचं बोट काळं पडलंय, बाळा," ते अगदी हळू म्हणाले. "तू हायस म्हणून खरं सांगते. घरी एकटीच असते मी. परवा चक्कर आली आन् पडले."

रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहा, असं आम्हाला शिकवलं होतं. मी पेन थांबवलं आणि मोठ्यानं म्हणालो, "पडलो म्हणा, मामा. पडलो."

मला ती व्याकरणाची चूक वाटली. खरंच तेवढंच वाटलं. रांगेतून कुणी म्हणालं, "मामाची मामी झाली काय रं?" सगळे हसले. सांगायला लाज वाटते, मीही हसलो.

"व्हय, डॉक्टरसाहेब. पडलो," मामा म्हणाले. पुढे साखरेचं विचारलं, गोळ्यांचं विचारलं, प्रत्येकाला एकच उत्तर, "काय न्हाई." मलमपट्टीला ते परत आले नाहीत.

आणि परीक्षेत मीच लिहिलं होतं, रुग्ण स्वतःला जसं संबोधतो तसंच आपण बोलावं. दहापैकी नऊ गुण मिळाले होते. मामांनी आयुष्यभर जे कुणापुढे उच्चारलं नसेल ते माझ्यापुढे उच्चारलं, आणि मी ते दुरुस्त केलं. दोनदा त्यांच्या दारात गेलो. दोन्ही वेळा आतून त्यांचाच आवाज आला, "मामा घरी न्हाई."

परवा आईचा फोन आला. मामांच्या पायाची दोन बोटं पुण्यात काढली, पण पाय वाचला. "लई खुशीत हाय गडी," आई म्हणाली. "म्हणतोय, तिथली डॉक्टरीण रोज इचारती, आज कशा आहात? बिचारीला मराठी धड येत नसंल. तू असतास तर नीट सांगितलं असतंस."