साहेबाचे पूर्वज काय नेसत

अमरावतीच्या सरकारी शाळेत मला पंतोजीची नोकरी लागली, तेव्हा अमेरिकेत लढाई जुंपून तिकडचा कापूस अडला होता आणि आमच्याकडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. बाजाराच्या मैदानात बैलगाड्यांची रीघ लागे आणि माल विकला जाईपर्यंत शेतकरी कडुनिंबाखाली बसून राहत. संध्याकाळी मी मुद्दाम तिकडे फिरायला जायचो. मोडकंतोडकं इंग्रजी आणि भूगोलाचं अर्धं पुस्तक एवढीच माझी विद्या, पण तिथं तीही भारी वाटे. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी. कुणी काही विचारलं की उत्तर द्यायचंच, हे वळण बहुधा तिथूनच आलेलं.

अकोल्याकडचे एक वयस्क शेतकरी मला आपल्या घोंगडीवर बसवून घेत. त्यांनी एकदा विचारलं, "पंतोजी, सायबाच्या मुलखात कापूस पिकत नाई म्हनतात. मंग आपला माल जायाच्या पयले ते लोक काय नेसत?"

मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "झाडांच्या साली."

"थंडीत बी?"

"थंडीत दोन-दोन."

बसलो होतो ती घोंगडी मेंढीच्या लोकरीची होती, आणि तरी मला लोकर आठवली नाही. भोवतालची माणसं मात्र हळहळली. एकानं तर लहान पोरांचे काय हाल होत असतील, असंही विचारलं. मी त्याचंही उत्तर दिलं. ते इथं सांगत नाही.

दोनचार दिवसांनी मुंबईच्या एका पेढीचा गोरा साहेब माल पाहायला आला. त्याचा दुभाषी तापानं पडला होता, म्हणून मला बाजारात बोलावणं आलं. मी ठेवणीतली पगडी घालून गेलो. साहेबानं कापूस चिमटीत ओढून पाहिला, मान हलवली. तेवढ्यात आमचे अकोलेकर पुढं झाले. हातात घरच्या सुताचं नवंकोरं धोतर होतं.

"हे सायबाले द्या," ते मला म्हणाले. "अन् त्याले सांगा, तुमच्या बापजाद्यायनं साली नेसून दिवस काढले, आयकून आमाले लय वाईट वाटलं."

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत सांगितलं की हे गृहस्थ आपल्याला दीर्घायुष्य चिंतितात. साहेब खूश झाला. धोतर दोन्ही हातांनी घेऊन त्यानं बोटांनी चाचपलं आणि आपल्या गावाकडची हकीकत सांगू लागला. त्याच्या आजोबांच्या मेंढ्या होत्या, आजी घरी लोकर कातायची, सगळं घर त्याच लोकरीचे कपडे घालायचं. शेवटी म्हणाला, हे यांना सांगा.

लोक माझ्या तोंडाकडे बघत होते. खोटं बोलायला काही सुचेना, म्हणून मी खरं ते सांगितलं.

"मंग साली कोन नेसत होतं, पंतोजी?"

"त्याच्याही आधीचे लोक," मी म्हणालो.

सगळं मैदान हसलं. काय झालं हे कळलं नसताना साहेबही हसला. माझ्या पगडीखालून घाम ओघळत होता. अकोलेकर तेवढे हसले नाहीत. ते विचारात पडले होते.

"त्याच्या घरी लोकर हाये, तं मंग त्याले आपला कापूस काहून पाह्यजे? इचारा बरं."

मी विचारलं. साहेब बराच वेळ बोलला, हातवारेही केले. त्यातले गिरणी आणि जहाज हे दोनच शब्द मला कळले.

"काय म्हने?"

"मला समजलं नाही," मी म्हणालो. माझ्या तोंडून हे वाक्य बाजारात पहिल्यांदाच निघालं असावं.

"बरं," ते म्हणाले आणि गाडीकडे गेले.

पुढे माझी बदली अकोल्याला झाली. तोवर अमेरिकेतली लढाई संपली होती आणि कापसाचा भाव कोसळला होता. तेच शेतकरी एक दिवस शाळेच्या ओट्यावर येऊन बसले. भाव काहून पडला, त्यांनी विचारलं. हे मला पक्कं माहीत होतं. नकाशा काढून मी त्यांना समुद्र दाखवला, तो देश दाखवला, तिथली लढाई थांबल्याचं सांगितलं. आयुष्यात इतकं खरं उत्तर मी कुणाला दिलं नव्हतं.

त्यांनी नकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावरून वाटलं, यातल्या एकाही शब्दावर त्यांचा विश्वास बसलेला नाही.

"समजा, तुमी म्हनता तसंच झालं," ते सावकाश म्हणाले. "लढाई थांबली, मानसं मरायची थांबली. मंग त्याच्यानं आपलं वाईट काहून होऊन राह्यलं?"

मी नकाशाची गुंडाळी करत बसलो. ती नीट होईना.