चुकाराचं इंजिन

लिफ्टवाला माणूस दिवसातून शंभरदा वर जातो, पण पोचत कुठंच नाही. हा आपला लिफ्टवाला तर एकतीस वर्षं एकाच सात मजली कचेरीत वर-खाली करत होता. आधी लोखंडी जाळीचा दरवाजा होता, तो दोन्ही हातांनी ओढावा लागे. पुढं आपोआप सरकणारा दरवाजा आला, बटणं आली, लोक आपापली बटणं दाबायला लागले. तरी याला कुणी काढलं नाही. काढायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही, दुसरं काय! कोपऱ्यातल्या स्टुलावर हा बसलेला असे आणि आत शिरणारा प्रत्येक जण दारावरच्या आकड्यांकडे बघत असे. ‘तळ’पासून ‘सहावा’पर्यंत, सात शब्दांत याचा दिवस उरकायचा.

त्या एकतीस वर्षांत त्याचा एक खाडा नाही. तापानं अंग फणफणलं तरी गडी स्टुलावर हजर. लग्नाचंही असंच राहून गेलं. मुलगी बघायला जायचं तर रजा काढावी लागणार, असं तो हसत सांगायचा, पण ते निम्मं खरंच होतं.

एवढा जीव तोडायचं कारण होतं त्याचं घरातलं नाव. बाप त्याला ‘चुकार’ म्हणायचा. कामचुकारातला चुकार. पाच वर्षांचा असल्यापासून तेच. “चुकारा, पाणी आण.” “चुकार कुठं गेला?” आईनंही तेच नाव उचललं, थोरल्या भावानं तर पेटंटच घेतलं. नाव पडलं की आयुष्यभर चिकटतं, मग माणसानं धुऊन धुऊन कातडी सोलली तरी जात नाही. यानं एकतीस वर्षं धुतलं.

बाप कातारी. लेथवर लाकूड कातून खाटांचे पाय, स्टुलं, लाटणी, भोवरे करायचा. बोलणं जपून, जणू शब्दांनाही कातावं लागतं. लेथ चालायचा तो एका बुटक्या इंजिनावर. दोन बाजूंना दोन जड चाकं, वर पाण्याची टाकी, पुढं पितळी तेलकुपी. मोठ्या कुत्र्याएवढं, पण चार माणसांनी उचलायचं. हा आठ वर्षांचा असताना दुकानात विजेची मोटर आली आणि इंजिनाला काम उरलं नाही. तरी बाप दर रविवारी सकाळी ते मागच्या अंगणात ढकलत आणून रिकामंच सुरू करायचा. त्याचा आवाज लिफ्टवाल्याला पाठ होता. भक्! मग नुसतं सूं सूं सूं, सहा-सात फेरे मुकाट. मग पुन्हा एकदा भक्! अंथरुणात पडल्या पडल्या तो ते मुकाट फेरे मोजायचा.

“ठोके चुकतं हे,” थोरला म्हणायचा. “बिघडलंय.”

बाप चिंधीनं चाक पुसायचा.

बाप गेला तोही रविवारीच, आणि पुढच्या रविवारी थोरला टेंपोतून इंजिन घेऊन याच्या दारात उभा. दुकान थोरल्याचं, घर थोरल्याचं, त्यात याची काही तक्रार नव्हती. बापाला शेवटी बघितलं थोरल्यानंच.

“हे काय, दादा?”

“तुझा वाटा. बाबांनी दोनदा सांगितलं बघ. इंजिन चुकाराला द्या.” थोरल्याला हसू आवरेना. “ठोके चुकणारं इंजिन चुकाराला! म्हातारा जाता जाता पण टोला हाणून गेला.”

चार हमालांनी ते आत आणलं. याची खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला. एक खाट, एक टेबल, भिंतीला एक आरसा. इंजिन आपल्या लाकडी गाड्यासकट खिडकीखाली बसलं आणि एक फरशी तडकली.

त्या दिवसापासून जिकडं तिकडं तेच. चहा पिताना समोर इंजिन, दाढी करताना आरशात इंजिन. आजवर तो समजूत घालायचा, की बापाचं तोंडच तसं होतं, मनात काही नसेल. पण मरणारा माणूस दोनदा सांगून ठेवतो ते उगाच नसतं. बापानं आपल्याला दिलंय ते काय? थट्टा की ठेव? आणि विचारायचं कुणाला? ज्याला विचारायचं तोच उठून गेलेला.

वरच्या मजल्यावर घरमालकीण. तिचे कान तिच्या चपलांपेक्षा जास्त फिरायचे.

“अहो लिफ्टवाले, ते धूड घालवा. आज फरशी तडकली, उद्या भिंत तडकेल. महिनाअखेरपर्यंत मुदत देते.”

“बघतो, मालकीणबाई.”

“बघताय काय? भंगारवाल्याला मी निरोप दिलाय.”

भंगारवाला आला. त्यानं इंजिनाला दोन बाजूंनी लाथ घालून बघितली, वासरू विकत घेताना पाठीवर थाप मारतात तशी.

“चालू आहे?”

“चालू आहे. पण ठोके चुकतं.”

“मग चालू कसलं? चालू तर मी आहे!” भंगारवाला आपल्याच विनोदावर हसला. “वजनावर घेईन. चाकांचं ओतीव बीड चांगलं आहे, बाकी माती.”

लिफ्टवाला ‘हो’ म्हणायच्या बेतात होता. तोंड उघडलंही होतं. पण भंगारवाल्यानं दोरी काढून तेलकुपीला बांधायला घेतली, तसा हा पुढं झाला आणि म्हणाला, “थांबा. आधी मला याची किंमत कळू दे.”

“सांगितली की आत्ता!”

“ती वजनाची झाली.”

त्याला स्वतःलाच नवल वाटलं. एवढं ठासून तो कधी बोलला होता, त्याला आठवेना.

दुसऱ्या दिवशी कचेरीत झाडणारी मावशी बादली घेऊन लिफ्टमध्ये शिरली. आकड्यांकडे न बघता याच्याकडे बघणारी ती एकटीच. धीर करून त्यानं विचारलं, “मावशी, जुन्या इंजिनातलं कुणाला कळतं?”

मावशीच्या हातातली बादली खाली आली. “अगंबाई! बोलता येतं की तुम्हाला! आमच्या गल्लीच्या टोकाला बहिरे मिस्त्री आहेत. पंप दुरुस्त करतात. ऐकू येत नाही, पण इंजिनाचं सगळं ऐकतात.”

“ते कसं?”

“ते त्यांनाच विचारा, आणि विचारताना ओरडा.”

मिस्त्री यायला तयार झाले ते बुधवारी दुपारी. म्हणजे अर्धा दिवस रजा काढणं आलं. यानं अर्ज लिहिला, तर साहेबानं तो उलटापालटा करून बघितला. “तुमचाच आहे? तब्येत वगैरे ठीक ना?”

“ठीक आहे.”

“मग रजा कशाला?”

यानं जरा विचार केला. “वडिलांचं काम आहे.”

बुधवारी मिस्त्री आले. वाळक्या शेंगेसारखा म्हातारा, खांद्याला पिशवी. दोघांनी मिळून इंजिन गाड्यावरून मागच्या अंगणात ढकललं. मिस्त्रींनी पाणी भरलं, तेल घातलं, हँडल मारलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन बोललं. भक्! सूं सूं सूं सूं. मिस्त्रींनी लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं टोक इंजिनाच्या अंगाला लावलं आणि मूठ दातांत धरली. डोळे मिटले. असा म्हातारा दातांनी इंजिन ऐकत उभा, आणि हा शेजारी ओशाळून, जणू आपलंच पोट तपासलं जातंय.

“चुकतं ते,” हा हळूच म्हणाला.

“काय?”

“ठोके चुकतं!”

“कोण हुकतं?”

“इंजिन! चुकतं!” आता हा ओरडलाच. वरची खिडकी उघडली. मालकीणबाईंचं डोकं बाहेर आलं.

मिस्त्रींनी दातांतली मूठ काढली आणि खदखदून हसले. “अरे बाबा, हे चुकत नाही, चुकवतं! जाणूनबुजून! आम्ही याला चुकारच म्हणायचो. चुकार इंजिन!”

लिफ्टवाल्याला वाटलं, बहिऱ्याबरोबर आपणही बहिरे झालो. “काय म्हणायचात?” तो ओरडला.

“चुकार! अंगावर काम नसलं की हे ठोका मारत नाही. पेट्रोल जाळत नाही, उगाच बडबड नाही, आपल्या चाकांच्या जोरावर मुकाट फिरत राहतं. आणि काम आलं की…” त्यांनी कोपऱ्यातली एक फळी ओढली, तिचं टोक फिरत्या चाकाच्या कडेला टेकवलं आणि वरून पायानं दाब दिला. चाक जरा मंदावलं. आणि इंजिन बोलायला लागलं. भक्, भक्, भक्, भक्. सलग. एकही फेरा रिकामा नाही. मिस्त्रींनी पाय काढला, इंजिन पुन्हा गप्प.

“बघितलंस? कातारी लोक या इंजिनावर जीव टाकायचे. दुसरी इंजिनं दिवसभर भुंकतात, हे कामापुरतं बोलतं. कातारी ज्याला चुकार म्हणेल तो लाखात एक.”

एकतीस वर्षं सात शब्दांवर काढलेल्या माणसानं मग भर दुपारी, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “माझे बाबा मला चुकार म्हणायचे! मला! लहानपणापासून!”

“काय करायचे तुझे बाबा?”

“कातारी होते!”

“मग ओरडतोस कशाला?” मिस्त्री म्हणाले, आणि तेलकुपी पुसायला लागले.

हा तिथंच पायरीवर बसला. त्याला एक जुनी गोष्ट आठवली. तो सहा वर्षांचा असेल. दुसऱ्या गावचा एक म्हातारा कातारी दुकानात आला होता. बाप याच्याकडे बोट करून म्हणाला, “हा आमचा चुकार.” त्या म्हाताऱ्यानं याला जवळ ओढलं, डोक्यावर हात ठेवला आणि खिशातून एक भोवरा काढून दिला. कामचुकार पोराला कुणी भोवरा देतं? हा प्रश्न त्याला तेव्हा पडला होता. मग मोठं होता होता तो प्रश्न कुठंतरी सांडला.

बापानं त्याच अर्थानं म्हटलं असेल का? याची खात्री करायला आता कुणी नव्हतं. एक भोवरा होता, तोही हरवलेला.

“मिस्त्री, याची किंमत?” त्यानं ओरडून विचारलं.

“नंबराची पट्टी शाबूत आहे, रंग मूळचा आहे. शौकीन लोक तुझा दोन वर्षांचा पगार हसत देतील. घेणारा मी आणतो.”

“अगंबाई, दोन वर्षांचा!” वरच्या खिडकीतून आवाज आला. “मग एवढ्या लवकर नका हो विकू! भाव वाढेल!”

संध्याकाळी यानं थोरल्याला फोन लावला.

“दादा, चुकार म्हणजे काय, माहितीये?”

“कामचुकार. का रे? आरशात बघ, दिसेल.”

यानं सगळं सांगितलं. फळी, पाय, सलग ठोके. पलीकडे थोरला शांत ऐकत होता, म्हणून याला वाटलं, पोचलं. मग थोरला म्हणाला, “दोन वर्षांचा पगार म्हणालास ना? मग निम्मे माझे. मी दिलं तेव्हा किंमत कुठं ठाऊक होती?”

“बाबांना ठाऊक होती,” हा म्हणाला.

मग यानंच विचारलं, “दादा, बाबांचा लेथ आहे का अजून?”

“तो मागच्याच महिन्यात गेला. भंगारात.”

“बरं,” म्हणून यानं फोन ठेवला.

गुरुवारी तो पुन्हा स्टुलावर बसला. काल दुपारी तुम्ही नव्हता, असं कुणीतरी म्हणेल म्हणून सकाळभर वाट बघितली. काय झालं ते सांगायची तयारीही केली होती, थोडक्यात. सगळे आकड्यांकडे बघत होते. मावशीची त्या दिवशी सुटी होती.

महिनाअखेरीला मालकीणबाई जिन्यात भेटल्या. “काय ठरवलंत? राहू दे म्हणा हवं तर. फक्त भाडं थोडं वाढवून द्या.”

“नको. आम्ही दोघंही जातो.”

“दोघं? दोघं कोण? लग्न केलंत की काय?”

“दोन चुकार,” तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते नाव त्यानं स्वतःहून स्वतःला लावलं.

मिस्त्रींच्या वर्कशॉपमागे पत्र्याची एक शेड होती, तिथं तो इंजिनासकट राहायला गेला. तिथून कचेरी लांब, दोन बस बदलाव्या लागतात. मिस्त्री घेणाऱ्याला घेऊन एकदा आले, हा नाही म्हणाला. मिस्त्रींना ते ऐकू आलं नाही, म्हणून तीनदा म्हणाला.

आता दर रविवारी सकाळी तो इंजिन शेडबाहेर ढकलतो, तेल घालतो, हँडल मारतो. लेथ नाही, पट्टा नाही, त्याला द्यायला काम नाही. इंजिन एकदा बोलतं आणि मुकाट फिरत राहतं. हा खोक्यावर बसून फेरे मोजतो. पाच, सहा, सात. मग उठून फळी चाकाला लावतो आणि तिच्यावर पाय देतो. इंजिन लगेच ओ देतं, सलग, एकही ठोका न सोडता. पाय दुखेपर्यंत तो तसाच उभा राहतो. मग पाय काढतो, खोक्यावर बसतो आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो.