पहूरच्या अक्कांचा कापडी बिल्ला

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेचसे विसरलोही. बोटभर खाकी कापडाचं ते प्रकरण मात्र मनातून जात नाही.

मी तेव्हा जळगाव जिल्ह्यात गुन्हे शाखेत होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तोच पहूरच्या एक म्हाताऱ्या अक्का काचेची फ्रेम घेऊन आल्या. आत फौजेचा जुना कापडी बिल्ला होता. त्यांचे वडील ब्रह्मदेशच्या लढाईत गेले ते परत आलेच नाहीत. ना देह मिळाला, ना राख. सोबतच्या जवानाने गणवेशावरचा बिल्ला तेवढा घरी आणून दिला. अक्का गावाला गेल्या असताना पुतण्याने हौसेने तो भुसावळच्या एका फ्रेमवाल्याकडे दिला. परतल्यावर अक्कांनी काच काढून बिल्ला चाचपला आणि तडक आमच्याकडे आल्या.

"साहेब, हा माह्या बापाचा नाही. मले हातालेच समजलं."

ठाणे अंमलदार मिशीतल्या मिशीत हसला. मला हसू आलं नाही. भुसावळात कोणी तरी नवे बिल्ले शिवून, चहाच्या पाण्यात बुडवून, जुने म्हणून मुंबईच्या शौकिनांना विकतो, अशी खबर माझ्या कानावर होतीच.

पंच घेऊन त्या फ्रेमवाल्याच्या दुकानावर छापा घातला. शटर पाडून अंधार केला आणि अतिनील दिवा लावला. हल्लीच्या धाग्यात पांढरेपणासाठी रसायन असतं, ते या उजेडात निळसर चकाकतं. युद्धकाळातला धागा काळाच राहतो. खणातले सगळे बिल्ले चकाकले, अक्कांच्या फ्रेममधलाही. मला वाटलं, जिंकलो.

फ्रेमवाला मात्र शांत. म्हणाला, ते खणातले नाटकवाल्यांसाठी आहेत, जुने म्हणून विकलेच नाहीत. "आणि बाईंचा चकाकणारच, साहेब. घरी पावडरीनं धुतला असेल. धुतलेला जुनाही असाच दिसतो."

गडी पक्का होता आणि म्हणणं खरं होतं. प्रयोगशाळेतल्या ओळखीच्या माणसाने फोनवर तेच सांगितलं. दुपारी त्याचा वकील ठाण्यात येऊन बसला. संध्याकाळी माणूस सोडावा लागणार आणि तो सुटला की खरा बिल्ला कायमचा जाणार, हे मला दिसत होतं. बाकावरच्या अक्कांकडे पाहायचीही चोरी झाली.

शेवटी त्यांच्याजवळ बसून विचारलं, बिल्ल्याचं वर्षभर करता काय? साबणाचं उत्तर येणार म्हणून धास्तावलो होतो. त्या म्हणाल्या, पाणी कधी लागू दिलं नाही. दसऱ्याला विळा-कोयत्यांच्या ओळीत मांडायचा आणि अंगठ्याने हळद लावायची. आधी आई लावायची, मग त्या.

डबा खाताना माझ्या रुमालावर वरणाचा डाग पडला होता. त्यावर दिवा धरला. डागातली हळद पिवळी-हिरवी पेटून उठली. फ्रेममधल्या बिल्ल्यावर असा ठिपकाच नव्हता. तसाच उठलो आणि फ्रेमवाल्याला घेऊन पुन्हा दुकानात गेलो.

या वेळी भिंतीवरची एकेक तसबीर उतरवून उघडली. एका देवाच्या तसबिरीमागे बिल्ला निघाला. दिव्याखाली धागा काळाच होता आणि मधोमध अंगठ्याएवढा पिवळा-हिरवा ठिपका. नवे शिवायला नमुना म्हणून ठेवला होता, फ्रेमवाला म्हणाला. वरची हळद त्याने ब्रशने झटकली होती. धुतला असता तर चकाकला असता आणि किंमत पडली असती, म्हणून पाणी लावलं नव्हतं. त्याच्या हुशारीनेच तो गोत्यात आला.

वस्तू दिसते कशी, हे तक्रारदाराला सगळेच विचारतात. घरात तिचं काय करता, हे मी त्या दिवसापासून विचारू लागलो.

न्यायालयाच्या आदेशाने मुद्देमाल सुपूर्तनाम्यावर अक्कांना दिला, तेव्हा त्यांनी तो दिवा पाहायचा हट्ट धरला. मी खिडकी लावून घेतली. ठिपका पेटला. अक्कांनी त्याला आपला अंगठा लावून पाहिला. ठिपका त्यांच्या अंगठ्याहून मोठा होता.

"बापाले घ्याले आली होती," त्या म्हणाल्या. "हे तं माह्या मायचं बोट."

मी दिवा विझवला नाही. त्यांचं पाहून होईपर्यंत तसाच धरून उभा राहिलो.