एक ते वीस

गावात तिला सगळे हॅलोमावशी म्हणायचे. टेलिफोन एक्सचेंजच्या बोर्डावर बसून तिने अठ्ठावीस वर्षं लोकांचे फोन जोडले आणि निवृत्त झाल्यावरही तिची खोड गेली नाही. कुणी बोलायला बसलं की तीन मिनिटांत हिचं सुरू, "बरं, झालं का तुमचं?" पाहुणे बिचारे मुद्द्याचंच तेवढं बोलून चहा संपवायचे.

नातीला शाळेतून काम मिळालं होतं : राजधानीत मोठा भूकंप झाला, त्या दिवसाची घरातल्या कुणाची तरी आठवण लिहून आणा. ती वही घेऊन आजीसमोर बसली. तिची आई, म्हणजे मावशीची लेक, पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तिला काय विचारतेस, मी सांगते," लेक म्हणाली. "मी सहा वर्षांची होते. तीनला शाळा सुटली. सगळ्यांना न्यायला कोणी ना कोणी आलं. ही उगवली सातला! पोटची पोर शाळेत बसलीय, हेच विसरली होती."

हे वाक्य मावशीने तीस वर्षांत शंभरदा ऐकलं असेल. दरवेळी ती हसण्यावारी न्यायची. आज मात्र ते वहीत उतरणार होतं, वर्गात वाचलं जाणार होतं, आणि नातीने पेन्सिल टेकवलीसुद्धा होती.

"थांब गं, लिहू नकोस," ती म्हणाली. "मी विसरले नव्हते."

आणि तिने सांगायला घेतलं. त्या दिवशी राजधानीच्या बारा लाइनींपैकी दोनच शिल्लक होत्या. बोर्डावर सगळे दिवे पेटलेले. ज्याचं म्हणून कुणी तिकडे होतं, तो प्रत्येक जण फोनला चिकटून बसला होता. मावशीची सकाळची पाळी संपली, दुपारच्या पाळीची बाई वेळेवर आली, पण तिचा सख्खा भाऊ राजधानीत. तिला बोर्डावर बसवायचं तरी कसं? मावशीचा नवरा फिरतीच्या नोकरीवर, परगावी. मावशी खुर्चीवरून हलली नाही. एका म्हाताऱ्या मास्तरांचा फोन अकराव्या खेपेला लागला. पलीकडून मुलाचा आवाज आला आणि मास्तरांच्या तोंडून शब्द फुटेना. मग नियम धाब्यावर बसवून मावशीच मध्ये ओरडली, "अहो, बोला की, लाइन जाईल!"

सव्वातीनला तिने शाळेला फोन लावला. तो गावातलाच, लगेच लागला. शिपाईबाईंना सांगायचं होतं, पोरीला जवळ बसवून घ्या. पण फोन उचलला पोरीनेच. "शाळा सुटली. मी एकटीच आहे."

आई म्हणून एक शब्द बोलले, तर ही रडणार. आणि ही रडली की मी सगळं टाकून धावणार, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. तिने आपला नोकरीतला आवाज काढला. "एक्सचेंजमधून बोलतेय. लाइनची तपासणी आहे. एक ते वीस म्हणून दाखवा."

लेकीच्या हातातली घडी तशीच राहिली.

"ती बाई तू होतीस?"

"मीच. वर शाब्बास म्हटलं, शिपाईबाईंना बोलवायला सांगितलं. आणि घरी आल्यावर तू मला काय ऐकवलंस? 'ती फोनवरची बाई तुझ्यापेक्षा चांगली आहे!'"

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"खोटी तपासणी केली म्हणून नोकरीवर गदा आली असती. आणि नंतर... अगं, चार दिवस तू त्या बाईचंच कौतुक करत होतीस. इतकी खुशीत होतीस! म्हटलं, असू दे हिला ती बाई."

लेक उठून आईला खेटून बसली. मग म्हणाली, "पण मी वीसपर्यंत बरोबर म्हटलं होतं. तरी पुन्हा पहिल्यापासून का म्हणायला लावलंस?"

मावशीने चष्मा काढला.

"पहिल्या वेळी मी रडत होते गं. काही ऐकूच आलं नाही."