घरमालकीणबाईंचं तैवान

आमच्या घरमालकीणबाईंनी राखली तशी सरहद्द जगातल्या कुठल्याही सैन्याने राखली नसेल. कॅनडातल्या वॉटर्लूत त्यांच्या बेसमेंटमध्ये मी चार वर्षं राहतोय. बाई तैवानच्या. कुणी त्यांना चिनी म्हटलं, की त्या हातातली ग्रोसरी खाली ठेवतात आणि त्याला इतिहास शिकवायला घेतात. घर गरम ठेवणारी फर्नेस दुरुस्त करायला आलेला एक बिचारा असाच तासभर अडकला. तोवर त्याच्या पुढच्या गिऱ्हाइकाच्या घरी माणसं कोट घालून बसली होती. दुकानात वस्तू उलटीपालटी करून ती कुठे बनली हे वाचल्याशिवाय त्या घेत नाहीत, त्यामुळे घरात छत्री एकच आहे आणि तीही गळकी. मला खोली दिली तीसुद्धा मी बेळगावचा म्हणून. कागदावर कर्नाटकात, मनाने महाराष्ट्रात, असं मी सांगताच त्यांनी किल्ली हातात ठेवली. रेफरन्ससुद्धा मागितला नाही.

अशा बाईंनी लग्न केलं ते मात्र बीजिंगच्या माणसाशी. काका गणिताचे रिटायर्ड प्रोफेसर. तैवान चीनचंच, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. चाळीस वर्षं हा वाद रोज सकाळी चहाबरोबर चालला. "आम्ही सगळे एकच, हे तिला सोडून सगळ्यांना माहीत आहे," काका माझ्याबरोबर बर्फ शोव्हल करताना म्हणत. तेवढ्यात वरची खिडकी उघडे. "ड्राइव्हवे पण एकच आहे. माझ्या गाडीमागचाही साफ करा."

गेल्या विंटरमध्ये काका गेले. पुढे थडग्यासाठी दोघांच्या नावांचा दगड करायचं ठरलं, इथे मागे राहिलेल्याचंही नाव आधीच कोरून ठेवतात, आणि फॉर्मवर जन्मस्थळाचा रकाना निघाला. बाई त्या दगडावर 'चीन' येऊ देणार नाहीत याची त्यांच्या मुलाला खात्री होती. "मॉम, फक्त नावं घालू. नो कंट्रीज, प्लीज," तो म्हणाला. मलाही ते शहाणपणाचं वाटलं.

शेजारच्या केंब्रिज गावातल्या दगडवाल्याकडे मीच बाईंना आणि मुलाला गाडीने घेऊन गेलो. बाईंनी चष्मा लावला आणि स्वतःच्या नावाखाली 'तैवान' लिहिलं. काकांच्या नावाखाली त्याच अक्षरात 'चीन' लिहिलं.

"दोन वेगळे देश? शुअर ना?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"हे लग्नाच्या वेळी विचारायला हवं होतंस," बाई म्हणाल्या.

मुलाने फॉर्म स्वतःकडे ओढून पुन्हा वाचला. बाई त्याला म्हणाल्या, "तो आता बोलू शकत नाही, म्हणून त्याचा देश गाळून मी जिंकायचं? असं जिंकत नाहीत."

परत येताना बाई खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाल्या, "आयुष्यात एकदाच त्याच्या देशाचं नाव माझ्या हाताने लिहिलं, आणि तेवढं वाचायला तो नाही."

मला रडू आलं. पुढच्या गॅस स्टेशनवर मी उगाचच गाडी थांबवली.