टबात विरघळलेला चेहरा

काल कळंबच्या बाजारात पोळ्याचे मातीचे बैल मांडले होते. एक उचलला, तर अजून ओलाच होता. त्या वासानं मला थेट माझ्या चित्रकलेच्या वर्गात नेलं.

चांगली माती मिळायची मारामार. म्हणून माझा नियम होता, सोमवारी केलेलं शनिवारी मोडायचं आणि माती परत टबात भिजत टाकायची.

सातवीतल्या रुक्मिणीनं एका बाईचा चेहरा केला होता. हनुवटीवर काडीनं टोचलेले गोंदणाचे तीन ठिपके.

"बाई, एवढा राहू द्या की," ती म्हणाली.

"तुला सूट दिली की सगळेच मागतील. टाक टबात."

तिनं तो मोडला नाही. दोन्ही हातांनी अलगद पाण्यात ठेवला आणि विरघळेपर्यंत बघत उभी राहिली. मी हजेरी घेत होते.

दिवाळीनंतर तिची आजी भेटली. म्हणाली, "हिची माय गेली तवा ही पाच वर्साची. घरात एक फोटूबी न्हाय तिचा. म्हणती, म्या मातीत केली होती."

चेहरा विरघळला त्याच्या पुढच्याच आठवड्यात त्याच मातीचे वर्गानं पोळ्याचे बैल केले होते. पूजेचे बैल मोडू नयेत म्हणून ते मात्र मी ज्याचे त्याला घरी नेऊ दिले होते.